हिरवळीवरचं सोवळं

विम्बल्डनमध्ये खेळाडूच्या पांढऱ्या कपड्यांवर रंगाची पट्टी किती रुंद असावी, याचा लेखी नियम आहे. एक सेंटिमीटर. गळ्याला, बाहीला, टोपीला, मोज्याला, सगळीकडे तोच हिशेब. पांढरा म्हणजे शुभ्र पांढरा. मळकट किंवा सायीसारखा पिवळसर चालणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पाळीच्या दिवसांत खेळणाऱ्या स्त्रियांची घालमेल लक्षात घेऊन त्यांना स्कर्टखाली गडद रंगाची चड्डी घालायची मुभा मिळायला २०२३ साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी स्पर्धेची अधिकृत बँक म्हणून बार्कलेज तिथे आली. तिला मात्र कुणी सेंटिमीटरची पट्टी लावल्याचं दिसलं नाही.

आपल्याकडे विम्बल्डनचं कौतुक करताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘बघा, कोर्टाभोवती एक तरी जाहिरात आहे का?’ आयपीएलमध्ये षटकारापासून झेलापर्यंत सगळं कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढलेलं पाहून डोळे थकलेल्या माणसाला त्या गडद हिरव्या भिंती सात्त्विक वाटतात. पण हे सोवळं आहे, आणि सोवळ्याचा नियम आपल्याला पक्का ठाऊक आहे. बाहेरच्याने शिवायचं नाही. आत काय शिजतंय ते विचारायचं नाही.

व्यापार आणि विम्बल्डन यांची सोयरीक जुनी आहे. स्लॅझेंजरचे चेंडू १९०२ पासून तिथे आहेत. रॉबिन्सन्सच्या बार्ली वॉटरच्या बाटल्या १९३५ पासून २०२२ पर्यंत पंचांच्या खुर्चीपाशी होत्या. कोर्टावरचं घड्याळ १९७८ पासून रोलेक्सचं आहे. या यादीत आयबीएम आहे, राल्फ लॉरेन आहे, आणि अलीकडे एमिरेट्सही आहे. शंभर फलकांच्या गर्दीत एकशे एकावा फलक कुणी वाचत नाही. रिकाम्या भिंतीवरचं एकच घड्याळ मात्र सगळ्यांना दिसतं. जाहिरातीचा अभाव हाच विम्बल्डनचा सर्वात महाग माल आहे. तिथे येणारी कंपनी भिंतीवरची जागा विकत घेत नाही. त्या घराण्याशी नातं जोडते. म्हणून सोयरीक करताना स्थळ पाहण्याची जबाबदारी इथे इतरांपेक्षा जास्त आहे.

आता हे स्थळ पाहू. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या धंद्यापायी ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांनी ज्या बँकेवर वर्षानुवर्षं बहिष्कार घातला आणि जिने अखेर १९८६ मध्ये तिथून काढता पाय घेतला, ती ही बँक. व्याजदरांच्या निर्देशांकात फेरफार केल्याबद्दल २०१२ मध्ये जिला २९ कोटी पौंडांचा दंड झाला, तीही हीच. हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ. पण पॅरिस करारानंतरच्या वर्षांत कोळसा, तेल आणि वायू कंपन्यांना पैसा पुरवण्यात युरोपातल्या बँकांमध्ये बार्कलेज सर्वांत पुढे असल्याचं पर्यावरण संघटनांच्या अहवालांनी दाखवलं, तो काळ नेमका विम्बल्डनशी नातं जुळण्याच्या आधीचा आहे. नव्या तेल आणि वायू प्रकल्पांना थेट कर्ज देणार नाही, असं बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. पण प्रकल्पाला थेट कर्ज देणं वेगळं आणि तो प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीला सर्वसाधारण कामासाठी कर्ज देणं वेगळं. पुढचं दार लावून घेतलं तरी मागचं उघडंच राहतं.

आणि हा खेळ गवतावरचा, उघड्या आभाळाखालचा आहे. १ जुलै २०१५ रोजी स्पर्धेदरम्यान पारा ३५.७ अंशांवर गेला आणि कोर्टावर एक बॉलबॉय कोसळला. क्रीडाक्षेत्राने हवामानासाठी काय करावं, याबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या आराखड्यावर या क्लबची सही आहे. ती सही आणि बँकेच्या करारावरची सही एकाच घरातून झाली.

यावर पहिलं उत्तर येतं ते नाइलाजाचं: प्रायोजकाशिवाय खेळ चालत नाही. हे उत्तर काहींच्या तोंडी खरं आहे. भारतातली एटीपी स्पर्धाच घ्या. १९९७ मध्ये ती चेन्नईत आली ती गोल्ड फ्लेक या सिगारेटचं नाव घेऊन. पुढे टाटा आले, मग एअरसेल. २०१८ साली ती पुण्याला, बालेवाडीत आली आणि २०२३ नंतर थांबली. अशा स्पर्धेच्या संयोजकाने प्रायोजकाच्या दारात उभं राहावं, हे समजू शकतं.

विम्बल्डन त्या रांगेत कधीच नव्हतं. २०२६ ते २०३० या काळासाठी सेंटर कोर्टावरच्या एका जागेचं डिबेंचर १,१६,००० पौंडांना आहे, आणि अशा जागा २,५२० आहेत. त्यावर जगभरच्या प्रक्षेपणाचे हक्क. २०२५ मध्ये एकूण बक्षिसं ५ कोटी ३५ लाख पौंडांची होती. एखादी बँक नाकारली म्हणून या घरातली चूल विझणार नाही. ज्याला नाही म्हणणं परवडतं आणि तरी जो म्हणत नाही, त्याने नाइलाजाचं नाव घेऊ नये.

दुसरं उत्तर सत्कार्याचं. स्पर्धेच्या शिलकीतला ९० टक्के वाटा ब्रिटिश टेनिस संघटनेकडे जातो, त्यातून मुलं खेळतात. खरं आहे. पण १९७० मध्ये बिली जीन किंग आणि तिच्या सहकारी पुरुषांच्या तुलनेतल्या तुटपुंज्या बक्षिसांविरुद्ध उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी आलेला पैसाही व्हर्जिनिया स्लिम्स या सिगारेटचा होता. त्या पैशाने स्त्रियांचं व्यावसायिक टेनिस उभं राहिलं, आणि त्याच पैशाने सिगारेट ही स्त्रीमुक्तीची खूण म्हणून विकली गेली. त्या नऊ जणींसमोर दुसरा पर्याय नव्हता. विम्बल्डनसमोर आहे.

तिसरं उत्तर सर्वांत पोकळ: खेळात राजकारण आणू नका. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ मध्ये याच क्लबने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना दार बंद केलं. एटीपी आणि डब्ल्यूटीएने त्या वर्षीचे क्रमवारीचे गुण काढून घेतले, तरी क्लब मागे हटला नाही. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. पण आपल्या हिरवळीवर कुणाची प्रतिमा उजळू द्यायची हे ठरवायचा आपल्याला अधिकार आहे, हे क्लबने त्या दिवशी स्वतःच मान्य केलं. एका विशीतल्या खेळाडूला त्याच्या पासपोर्टवरून जाब विचारता येतो, तर बँकेला तिच्या खातेवहीवरून का नाही?

जुलै २०२३ मध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’चे कार्यकर्ते कोर्ट क्रमांक १८ वर नारिंगी कागदाचे कपटे आणि जिगसॉच्या कोड्याचे तुकडे उधळून गेले. तुकडे गोळा झाले, हिरवळ झाडली गेली, खेळ सुरू झाला. पुढच्या वर्षी, इस्रायलला शस्त्रं पुरवणाऱ्या कंपन्यांशी बँकेचे व्यवहार असल्याच्या आक्षेपावरून कलाकारांनी अंग काढून घेतलं आणि लॅटिट्यूड, डाउनलोड यांसारख्या संगीत महोत्सवांतलं बार्कलेजचं प्रायोजकत्व स्थगित झालं. गिटार वाजवणाऱ्या पोरांना जे जमलं ते दीडशे वर्षांच्या क्लबला जमलं नाही.

मागणी फार मोठी नाही. खेळाडूच्या कपड्यांसाठी जसा नियम छापला आहे, तसा प्रायोजकांसाठीही छापावा. कोणता धंदा चालेल, कोणता नाही आणि कुणाची खातेवही कुणी तपासली, हे दोन पानांत लिहून जगापुढे ठेवावं. मग बार्कलेज त्यात बसते का, ते आपण वाचून ठरवू. तोवर कॉलरवरची पट्टी मोजणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांची ती सेंटिमीटरची फूटपट्टी कचेरीच्या दिशेनेही थोडी वळवता येईल.