पुढे पाठवण्याआधी

आज अशोक विजयादशमी. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेचे स्मरण करत नवी मुंबईच्या विहारांतही पंचशील म्हटले जाईल. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतही ते आहे.

मोबाइलवरचा मजकूर पुढे पाठवणारा म्हणतो, मी कुठे खोटे बोललो? आले ते पाठवले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा व्हॉट्सॲपवरून अशीच पसरली आणि १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे ते भिक्षेकरी. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारले. अफवा पाठवणाऱ्या कित्येकांना आपल्या लेकरांची खरीच काळजी असेल. पण हेतू वाईट नव्हता, एवढ्याने जबाबदारी संपत नाही. केसपुत्तच्या कालाम लोकांना बुद्धांनी सांगितले होते: ऐकीव आहे म्हणून मानू नका, त्यातून हित होते की अहित, हे स्वतः पारखा. अभय राजकुमाराला दिलेली कसोटी याहून कडक. बोलणे खरे हवे, हिताचेही हवे आणि तरीही वेळ पाहूनच बोलावे.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. ती आधीही घालता आली असती. यंत्राने कसे वागावे, हे माणसेच ठरवतात.

महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटरे आणि सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. दीक्षा घेतलेल्या घरांतली नातवंडे आज या क्षेत्रात आहेत, याचा आम्हांला अभिमान वाटतो. त्याच आपुलकीने विचारतो: शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार बुद्धांनी उपासकांना वर्ज्य सांगितला. संताप पेटला की माणूस पडद्याला जास्त वेळ चिकटतो, हे मोजून बांधलेली रचना विषापासून किती लांब आहे?

घराचे हप्ते फेडणाऱ्या तरुणाने नोकरी सोडावी, असे आम्ही म्हणणार नाही. याने कुणाचे अहित होईल, हा प्रश्न मात्र त्याने कामाच्या बैठकीत विचारावा. एकट्याला ते जड जाते. म्हणून विहारांनी अशा मुलामुलींना एकत्र बसवावे. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होतेच. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपण्याआधी एक संध्याकाळ या प्रश्नाला द्यावी.