ताण कोणाचा, उपदेश कोणाला?

मनःशांतीचा उपदेश अलीकडे फार स्वस्त झाला आहे. कचेऱ्यांतून, शाळा-महाविद्यालयांतून, बँकांच्या प्रशिक्षणवर्गांतून 'ताणतणावाचे व्यवस्थापन' या विषयावर व्याख्याने होतात आणि त्यांचा सारांश बहुधा एकच असतो: पहाटे उठावे, श्वासावर लक्ष द्यावे, अपेक्षा आवराव्यात, प्रसन्न राहावे. यात खोटे काही नाही. व्यायामाने झोप सुधारते, प्राणायामाने मन निवते, हा अनेकांचा अनुभव आहे. परंतु हाच उपदेश वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात एखाद्या कोरडवाहू कास्तकाराला किंवा त्याच्या घरच्या बाईला ऐकवून पाहावा, म्हणजे त्यातील उणीव चटकन ध्यानात येते. ती बाई पहाटे उठतेच. उठल्यावाचून तिचे भागत नाही. अपेक्षा तर तिने केव्हाच आवरल्या आहेत. तरीही तिच्या मनावरचा ताण उतरत नाही. तेव्हा दोष तिच्या स्वभावात आहे की उपदेश करणाऱ्याच्या निदानात, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

ताण हा अधिक कामातून येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती खरी नाही. अमेरिकेतील रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये या विषयाची जी मांडणी केली, तिचे सार असे की, कामाचा रेटा मोठा आणि त्या कामाबाबत निर्णय घेण्याची मुभा मात्र थोडी, असा संयोग जेथे होतो तेथे माणूस सर्वांत अधिक पिचतो. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा जो प्रदीर्घ अभ्यास १९६७ पासून सुरू झाला, त्यानेही एक रूढ समज मोडीत काढला. हृदयविकार हा जबाबदारीने वाकलेल्या बड्या साहेबांचा रोग, असे तोवर मानले जाई. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांच्या तुलनेत तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपानासारख्या कारणांनी या तफावतीचा काही भागच उलगडला. पुढे १९८५ पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आपल्या कामावर आपला ताबा नसणे हे त्यामागील एक मोठे कारण असल्याचे दिसून आले. माणसाला ओझे तर वाकवतेच; पण ते केव्हा उचलावे आणि केव्हा खाली ठेवावे हे दुसऱ्यानेच ठरवावे, ही गोष्ट त्याला अधिक मोडते.

ही कसोटी समुद्रपूरला लावून पाहावी. तालुक्याची शेती मुख्यतः कापूस, सोयाबीन आणि तुरीची; बाजार हिंगणघाटचा. पेरणी पावसाच्या हाती, भाव बाजाराच्या हाती, पीककर्ज बँकेच्या हाती आणि बँकेने नाकारले की उधारी कृषी केंद्राच्या दुकानदाराच्या हाती. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला. बाजारात मात्र त्या हंगामात माल त्याहून बऱ्याच कमी भावाने विकला गेला. आधारभूत केंद्रावर न्यावा, तर ओलाव्याच्या टक्क्यावरून तो परत येण्याची भीती आणि चुकारा केव्हा मिळेल याची चिंता. पीक उभे आहे तोवर रोही आणि रानडुकरे यांच्यापायी रात्रीची जागल करावी लागते. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनाही सुख नाही. शेतीपंपांना पाळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज देण्याच्या पद्धतीत रात्रीची पाळी आली की अंधारात, साप-विंचवाच्या भयात पाणी द्यावे लागते. या कास्तकाराला रात्री पुरेशी झोप घेण्याचा सल्ला देणे म्हणजे थट्टाच होय.

हे निव्वळ गैरसोयीचे रडगाणे नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांची नावे देशभर झाली, त्यांत वर्धा जिल्हा आहे. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचा भर सिंचन आणि व्याजमाफी यांवर होता. तो योग्यच होता. कारण कर्ज हे दुःखाचे खरे कारण असेल तर त्यावर सांत्वन हा उतारा होऊ शकत नाही. परंतु कर्जाचा आकडा आणि मृत्यू यांच्या मध्ये एक लांब वाट असते. त्या वाटेवर उडालेली झोप असते, सावकाराला टाळण्यासाठी बदललेला रस्ता असतो, मुलीच्या लग्नाची पुढे ढकललेली बोलणी असतात, घरात वाढत गेलेला अबोला असतो. ही वाट रोजच्या ताणाची असते. तिच्यावर कोठेतरी माणसाला हात द्यावा लागतो, आणि आजवरच्या योजनांनी ही मधली वाटच पुरेशी पाहिलेली नाही.

पगारदार मंडळी त्या मानाने सुखी, असे म्हटले जाते. महिन्याचा पगार हा मोठा आधार आहे, यात शंका नाही. तथापि शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतील लिपिक यांच्या कामाचे स्वरूपही बदलले आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा मिळाला. पण त्या आधीच खिशातल्या फोनने रविवारही गिळला होता. रात्री नऊ वाजता 'माहिती तात्काळ सादर करावी' असा संदेश येतो आणि जेवणाचे ताट बाजूला सारावे लागते. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर फोनपासून मुक्त राहण्याचा कामगारांचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी खऱ्या आपत्तीखेरीज रात्रीचे संदेश धाडू नयेत, एवढा शिष्टाचार पाळला तरी शेकडो घरांची रात्र शांत होईल.

घराकडे वळले की या प्रश्नाचे खरे गांभीर्य कळते. कष्टकरी स्त्रीच्या बाबतीत काम कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हे सांगताच येत नाही. दिवसभर निंदण किंवा किलोमागे ठरलेल्या मजुरीवर कापसाची वेचणी, आणि सांजेला चूल, पाणी, धुणीभांडी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटे, तर पुरुषांचा ८८ मिनिटे भरला. म्हणजे एकीचे जवळजवळ पाच तास आणि दुसऱ्याचा जेमतेम दीड तास. त्यातही, जी सून सर्वांत अधिक राबते तिला घरातील निर्णयांत सर्वांत कमी विचारले जाते. बियाणे कोणते घ्यावे, कर्ज किती काढावे, हे तिला कळते ते वसुलीचा माणूस दारात उभा राहिल्यावर. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तरीही चोरून दारू मिळते, हे कोणापासून लपलेले नाही. पुरुष आपला ताण तेथे नेऊन बुडवू पाहतो आणि त्याची किंमत पुन्हा घरातील स्त्रीच मोजते.

याच जिल्ह्याने जगाला श्रमाचा निराळा संस्कारही दाखविला आहे. सेवाग्राम आश्रमात स्वयंपाक आणि सफाई ही कामे कोणा एका वर्गाची किंवा केवळ स्त्रियांची मानली गेली नाहीत. पवनार येथे विनोबांनी १९५९ मध्ये स्त्रियांसाठी स्थापिलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातही शरीरश्रम कमी नव्हते. परंतु ते सर्वांनी वाटून घ्यावेत आणि निर्णय सर्वसंमतीने व्हावेत, अशी तेथील रीत. संसारी माणसाचे घर म्हणजे आश्रम नव्हे, हे मान्य. तरी कष्ट वाटून घेतले आणि निर्णयात सर्वांना स्थान दिले की श्रम सुसह्य होतात, एवढा बोध घेण्यास संन्यासाची अट नाही.

तेव्हा ताणाचे व्यवस्थापन करायचे ते प्रथम कोणी? ज्याच्या हाती दुसऱ्याचा वेळ आहे, त्याने. तहसील कार्यालयात एका फेरफारासाठी चार खेपा पडत असतील, तर प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी आणि एका रात्रीची झोप जाते. कागदपत्रांची पुरती यादी पहिल्याच दिवशी हाती देणे आणि काम होण्याची तारीख सांगून ती पाळणे, यास वेगळा निधी लागत नाही. मालाचा चुकारा ठरल्या दिवशी देणे हेही तसेच. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ऊर्जा खात्याची म्हणून ओळखली जाते. वस्तुतः ती आरोग्याचीही योजना आहे आणि तिच्या प्रगतीची चौकशी त्याही नजरेने व्हावयास हवी. घरापुरते पाहिले तर कर्ताधर्ता म्हणविणाऱ्याने कर्जाचा खरा आकडा पत्नीसमोर मांडावा आणि सांजेची निम्मी कामे अंगावर घ्यावीत. आकडा दोघांना ठाऊक असला की तो कमी होत नाही, पण एकट्याच्या छातीवर बसत नाही.

एवढे करूनही काही माणसांचा ताण आजाराच्या थराला जातो. दोन-दोन आठवडे झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, माणूस बैठकीतून उठून एकटा बसू लागतो, निरवानिरवीची भाषा करतो. हा स्वभाव नव्हे, आजार आहे. आणि त्यावर उपचार आहेत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' प्रकल्पाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी लहान बैठका घेतल्या, धीर दिला आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत नेले. नैराश्याच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. शेजारच्या जिल्ह्यात जे साधले ते समुद्रपुरात असाध्य का असावे? राज्य शासनाने २०१५ मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला तो याच हेतूने, आणि त्यात घरोघरी जाऊन विचारपूस करण्याचे काम आशा सेविकांकडे दिले. पण ज्या आशाताईंनी इतरांचा ताण ऐकावयाचा, त्यांना स्वतःला नियमित वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे, आणि त्यासाठी त्यांना संपावर जावे लागले आहे. जिच्या मानधनाची शाश्वती नाही तिच्याकडे गावाचे मनःस्वास्थ्य सोपविणे हा शासनाचा विनोद म्हणावा काय?

कायद्याने मात्र या बाबतीत समाजाच्या पुढे पाऊल टाकले आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून मुक्त केले आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ वे कलमही उरलेले नाही. कायदा अशा माणसाला गुन्हेगार मानीत नाही. गावाने तरी त्याला दुबळा का मानावे? १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर विनामूल्य बोलता येते आणि सेवाग्रामचे रुग्णालय जिल्ह्यातच आहे. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, सोसायटीत आणि कृषी केंद्राच्या भिंतीवर ठळकपणे लिहिला गेला पाहिजे. कारण कर्जबाजारी माणूस दवाखान्यात जाण्याआधी तेथे जातो.

श्वासाकडे लक्ष देण्याचा सल्ला ज्यांना द्यावयाचा असेल त्यांनी तो अवश्य द्यावा. मात्र त्याआधी, समोरच्याचा श्वास कोणत्या कारणाने कोंडला आहे आणि त्यातील कोणते कारण आपल्याच हातचे आहे, याचा शोध अधिकाऱ्याने कचेरीत, व्यापाऱ्याने बाजारात आणि पुरुषाने स्वतःच्या घरात घ्यावा. असा शोध न घेता केलेला उपदेश हा ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठरतो.