पिस्तुलाचा जमाखर्च

कोठे अत्याचार घडला, वस्तीवर हल्ला झाला, की आमच्या तरुणांकडून एक मागणी हमखास पुढे येते : आम्हांस शस्त्रपरवाने द्या. ही मागणी कायद्यास धरूनच आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली झालेल्या नियमांपैकी तिसरा नियम पाहावा. जेथे अत्याचाराचा संभव आहे तेथे जरूर तर इतरांचे परवाने रद्द करावेत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जातीजमातींच्या लोकांस परवाने द्यावेत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. १९९० पासून धर्मांतरित बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झालेला असल्यामुळे हा नियम आपणांसही लागू आहे. मात्र जातीचा दाखला हाताशी असला पाहिजे.

परंतु वाचकहो, परवाना मिळणे ही एक गोष्ट आणि पिस्तूल बाळगणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचा हिशेब कोणी मांडीत नाही, तो आपण मांडू.

कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती. किंमत जुनी आणि मजुरी अलीकडची धरली तरी ही ४१२ दिवसांची कमाई होते. आणि केंद्राची हमी तर कुटुंबाला वर्षातून १०० दिवसांचीच होती! म्हणजे चार वर्षे घरातील कोणी जेवावयाचे नाही, तेव्हा कोठे एक हत्यार घरात येणार. ज्या मातेच्या नावाने ते विकावयास काढले, तिच्या पदरी एवढी रक्कम कधी जमली होती काय?

आणि हा केवळ आरंभाचा खर्च. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जदाराने शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षिततेचे शिक्षण घेतले पाहिजे, प्रकृती व मन ठीक असल्याचा वैद्यकीय दाखला आणला पाहिजे, हत्यार घरी सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून दिली पाहिजे. कुडाच्या घरात कुलपाची लोखंडी पेटी कोठे बसविणार? जिल्ह्याच्या कचेरीतील खेपा, पोलीस चौकशी, बुडालेले रोज, यांची पावती कोणी देत नाही; पण पैसा जातो तो जातोच. शिवाय सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात, अंगाशी आणि पूर्णपणे झाकून न्यावे असा नियम आहे, म्हणून चांगले म्यान हवे. काडतुसे हवीत, सरावाची जागा हवी. सराव नसलेल्या हातातील पिस्तूल स्वतःच्याच मुलाबाळांस अधिक घातक! २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली, एवढाच काय तो दिलासा. निवडणुकीच्या दिवसांत, जेव्हा गावातील वातावरण सर्वांत अधिक तापलेले असते, तेव्हाच परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात.

कोणी म्हणेल, गावठी कट्टा स्वस्त पडतो. त्याची खरी किंमत कायद्यात लिहिलेली आहे : विनापरवाना हत्यार सापडल्यास किमान दोन वर्षे आणि पाच वर्षांपर्यंत कैद, वर दंड. आमच्या तरुणांस तुरुंगात पाहण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांस याहून सोपा मार्ग मिळावयाचा नाही.

सर्वांत मोठा खर्च मात्र गोळी सुटल्यानंतर सुरू होतो. आत्मसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, पण तो न्यायालयात शाबीत करावा लागतो. तोपर्यंत अटक, जामीन, वकिलाची फी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. पिस्तूल तर मुद्देमाल म्हणून जप्त होते.

अमेरिकेतील निग्रो बांधवांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, माँटगोमेरी येथे त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला. कायदा होता, पण परवाना कोणास द्यावयाचा हे गोऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. आपल्याकडील नियमातही “आवश्यक वाटल्यास” हे शब्द आहेत, आणि ते वाटावयाचे आहे अधिकाऱ्याला.

याचा अर्थ परवाना मागू नये असा नव्हे. संकटग्रस्त वस्तीने तो लेखी मागावा, नकार मिळाल्यास तोही लेखी घ्यावा. पण शेळ्या विकून, मुलीचे शिक्षण तोडून पिस्तूल घेण्यापूर्वी जे सरकारच्या खर्चाने मिळावयास हवे ते अगोदर वसूल करावे. कायद्याच्या १५-अ कलमान्वये पीडित, त्यांचे आप्त व साक्षीदार यांस संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. अकराव्या नियमाप्रमाणे तपासासाठी व खटल्यासाठी जाण्यायेण्याचे भाडे आणि शेतमजुराच्या किमान वेतनाहून कमी नसलेला दैनिक भत्ता त्यांस मिळाला पाहिजे. स्त्रिया व साठ वर्षांवरील वृद्ध यांस सोबतीचा माणूसही नेता येतो. हे पैसे तत्काळ, फार तर तीन दिवसांत द्यावयाचे असतात. तेव्हा एस. टी. ची तिकिटे जपून ठेवा, प्रत्येक तारखेची नोंद वहीत करा आणि अर्जाच्या प्रतीवर कचेरीचा शिक्का घेतल्यावाचून परतू नका.