खांब लोकांचा, जोडणी कुणाची?

रस्त्यावरचा दिव्याचा खांब सार्वजनिक मालकीचा असतो, म्हणजे तुमच्या-आमच्या मालकीचा असतो. आज मोबाइल कंपन्यांना हे खांब हवे आहेत. 5जीचा वेगवान सिग्नल फार दूर जात नाही, भिंतीने अडतो. म्हणून मोठ्या टॉवरच्या जोडीला ठिकठिकाणच्या खांबांवर छोट्या पेट्या बसवाव्या लागतात. त्यांना 'स्मॉल सेल' म्हणतात. या पेट्यांपर्यंत फायबर केबल ओढावी लागते. एवढे नवे खांब रोवायला कंपन्यांकडे जागा नाही. तयार खांब पालिकांकडे आहेत. तेव्हा ते कोणत्या अटींवर द्यायचे, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न मुळात हक्काचा प्रश्न आहे.

केंद्र सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये मार्गाधिकार नियमांत दुरुस्ती करून या खांबांचा भाव ठरवला. स्मॉल सेलसाठी शहरात एका खांबामागे वर्षाला 300 रुपये, ग्रामीण भागात 150 रुपये आणि केबल न्यायची असेल तर 100 रुपये. एका माणसाच्या महिनाभराच्या रिचार्जला जवळपास जेवढे लागतात, तेवढ्यात कंपनीला वर्षभर खांब! साठ दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, ही तरतूद 2016 च्या नियमांतच होती. पुढे दूरसंचार अधिनियम, 2023 आला आणि त्याखालचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. मात्र धोरण तेच राहिले. शुल्काची कमाल मर्यादा दिल्लीने ठरवायची आणि पालिकेने मुदतीत सही करायची. 2022 ची दुरुस्ती आली तेव्हा मुंबई महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मार्चमध्ये मुदत संपून प्रशासक बसला होता. मग आक्षेप घेणार कोण?

पालिकांची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. खोदाईची परवानगी म्हणजे दुभती गाय, हे कुठल्या शहरात माहीत नाही? मनमानी दर लावायचे, फाईल अडवून ठेवायची, हे प्रकार होत आले आहेत. त्याला लगाम हवाच होता. पण लगाम घालताना एक मोठी गोष्ट हातची गेली. कंपनी पालिकेच्या दारात परवानगी मागायला उभी राहते, तो एकच क्षण असा असतो की शहर तिला विचारू शकते : बाई, तू आमच्या सगळ्या वस्त्यांना जोडणार आहेस का?

अमेरिकेतील सॅन होजे शहराने हा प्रश्न विचारला होता. सिलिकॉन व्हॅलीतले हे शहर श्रीमंत, तरीही तिथल्या हजारो गरीब घरांत इंटरनेट नव्हते. 2018 साली शहराने एटी अँड टी, व्हेरायझन आणि मोबिलिटी या कंपन्यांशी करार केले. कंपन्यांना सुमारे चार हजार स्मॉल सेलसाठी खांब मिळतील, परवानग्या लवकर मिळतील. मोबदल्यात दहा वर्षांत सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलर 'डिजिटल समावेशन निधी'त जमा होतील आणि 50 हजार कुटुंबे जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले जाईल. खांबाच्या भाड्यातून गरिबाच्या पोराला इंटरनेट!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या संघीय दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, आदेश काढला. शहरांनी फक्त वाजवी खर्चाइतकेच शुल्क घ्यावे. एका स्मॉल सेलमागे वर्षाला 270 डॉलरपर्यंतचे शुल्क वाजवी मानले जाईल. जुन्या खांबासाठी 60 दिवसांची आणि नव्या खांबासाठी 90 दिवसांची मुदत. शहरांत वाचलेला पैसा कंपन्या मागास भागात गुंतवतील, असे समर्थन केले गेले. तशी गुंतवणूक करण्याचे बंधन मात्र कंपन्यांवर घातले नाही. सॅन होजेचे महापौर सॅम लिकार्डो यांनी एफसीसीच्या सल्लागार समितीत कंपन्यांचेच वर्चस्व आहे म्हणून जानेवारी 2018 मध्येच राजीनामा दिला होता. शहरे न्यायालयात गेली. ऑगस्ट 2020 मध्ये नवव्या सर्किट अपील न्यायालयाने शुल्काबाबतचा आदेश बहुमताने कायम ठेवला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली हस्तक्षेप नाकारला.

आपल्याकडे तर असा करार करून पाहण्याची संधीही कुठल्या शहराला मिळाली नाही. 2023 च्या अधिनियमाचे कलम 13 सांगते की मार्गाधिकार देताना भेदभाव करू नये. वाचून बरे वाटते. पण हा भेदभाव कंपनी-कंपनीतला आहे. एका कंपनीला खांब दिला तर दुसरीला नाकारू नका, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीने हमरस्त्यावरचे खांब घेतले आणि नाल्यापलीकडची वस्ती सोडली, तर त्या भेदभावाबद्दल कलम 13 गप्प आहे.

दूरसंचार हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे, हे आम्ही जाणतो. पण राज्यघटनेची बारावी अनुसूची उघडून पाहा. पथदिवे पालिकेच्या विषयांत आहेत. दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आणि झोपडपट्टी सुधारणाही त्याच यादीत आहेत. खांब आणि वस्ती घटनेने एकाच पानावर ठेवले, नियमांनी त्यांची फारकत केली. शिवाय 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. इंटरनेटअभावी शिक्षण कसे तुटते, हे 2020 च्या टाळेबंदीत वस्त्यांनी सोसले आहे. तेव्हा एका मोबाइलवर तीन भावंडांची शाळा चालत होती.

आमची मागणी शुल्क वाढवण्याची नाही. वाढीव शुल्क कंपन्या ग्राहकाच्याच बिलात घालतील. आमची मागणी अशी, की जी कंपनी प्रभागातले खांब घेईल, तिने त्याच मुदतीत त्या प्रभागातील झोपडपट्टीतही जोडणी द्यावी, आणि मार्गाधिकार नियमांत ही अट घालण्याची मुभा पालिकांना द्यावी. त्यासाठी राज्य सरकारने केंद्राकडे आग्रह धरला पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाकावा. अनेक गावांत खांब महावितरणचा आणि दिवा पालिकेचा असतो, म्हणून दुसरा अर्ज महावितरणकडेही द्यावा. प्रश्न तीनच विचारावेत : आमच्या प्रभागातील किती खांब कोणत्या कंपनीला दिले, किती रुपयांना दिले, आणि त्यांपैकी किती खांब झोपडपट्टीच्या हद्दीत आहेत.