गाडीचा स्पीड विचारता, कनेक्टर कोण बघणार?

मुलांसाठी रिमोटची गाडी घेताना पालक स्पीड विचारतात, बॅटरी किती वेळ चालते तेही विचारतात. बॅटरी गाडीला जोडणारा कनेक्टर मात्र कुणी बघतच नाही. माझ्या मते आधी तोच बघावा.

दहावीतला जूलचा नियम आठवा: H = I²Rt. सैल झालेल्या जोडाचा रोध फक्त 0.01 ओहम धरा. 20 अँपिअर धारा गेली की तिथे 4 वॉट उष्णता, आणि तीही बोराएवढ्या प्लास्टिकमध्ये! प्लास्टिक मऊ पडतं, पकड ढिली होते, रोध आणखी वाढतो. (वर्गात गणित म्हणून जरूर द्या, मुलं जागी होतात.)

जुना पांढरा टामिया कनेक्टर छोट्या मोटरला पुरतो. लिपो बॅटरीवर पळणाऱ्या वेगवान गाडीला एक्सटी-६० बरा. त्याचा आकारच असा, की उलटा बसत नाही. बॅटरीच्या बाजूला मात्र झाकलेल्या टोकांचाच भाग हवा. उघडी टोकं किल्लीला जरी टेकली तरी शॉर्ट सर्किट होतं, आणि लिपो पेट घेऊ शकते.

काढताना वायर ओढू देऊ नका. खेळ संपला की कनेक्टरला तुम्ही स्वतः हात लावून बघा. चटका बसत असेल तर तो बदलाच.