‘डोकं शाबूत आहे’ हे ठरवायचे कसे?

देह झिजत जातो आणि बुद्धी मात्र अखेरपर्यंत लखलखीत राहते, अशी एएलएस या आजाराची प्रतिमा आपल्या मनात ठसली आहे. १८६९ मध्ये शार्कोने या व्याधीचे वर्णन केले, तेव्हापासून ती हालचालींच्या चेतापेशींची व्याधी मानली गेली; पुढे स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे त्या प्रतिमेला जणू वलयच लाभले. प्रतिमा उदात्त आहे, पण निम्म्याच रुग्णांपुरती खरी. उरलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांत विचार, भाषा किंवा वर्तन यांत कमीअधिक बदल आढळतात, आणि दहा ते पंधरा टक्क्यांत ते फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियापर्यंत जातात. सी-नाइन-ऑर्फ-७२ या एकाच जनुकातील दोषातून हे दोन्ही आजार उद्भवू शकतात, हे २०११ मध्ये दिसून आले.

हे बदल वेळीच हेरण्यासाठी एडिंबरोमध्ये ‘ईकॅस’ नावाची चाचणी तयार झाली व २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पंधरा-वीस मिनिटांची, १३६ गुणांची. तिची खुबी अशी की हात चालत नसेल तर तोंडी, वाचा गेली असेल तर लेखी उत्तर चालते. शिवाय तेच शब्द नुसते वाचायला वा उतरवायला रुग्णाला लागणारा वेळ मोजून वजा केला जातो. म्हणजे जड झालेल्या जिभेचा दोष बुद्धीच्या माथी मारला जात नाही.

आता ही चाचणी कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याला आणून पाहू. आसपास ठाकर आणि कातकरी वाड्या; मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर आधी कर्जत स्थानक, मग लोकलने मुंबई. इथल्या साठीच्या निरक्षर बाईला आपण विचारणार काय? मूळ चाचणीत एका इंग्रजी अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायचे असतात आणि दुसऱ्या अक्षराचे फक्त चार अक्षरी. मराठीत हे कोलमडते. ‘स’ म्हटल्यावर ‘सा’, ‘सु’ धरायचे का? शाळेला ‘साळा’ म्हणणाऱ्याचा शब्द बाद करायचा का? आणि जिने अक्षरच गिरवलेले नाही, तिला लिहायचा पर्यायही बंद. वाचा गेली की चाचणीच संपली.

भाषांतराने हा प्रश्न सुटत नाही. हरियाणात बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी बनवलेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत ‘एक वाक्य लिहा’ याऐवजी ‘तुमच्या घराविषयी काही सांगा’ असे विचारले गेले. त्या संशोधकांनी शब्द बदलला नाही, प्रश्न बदलला. आपल्याकडे भेंड्या आहेत. अक्षरओळख नसलेलाही ‘म’ आल्यावर ‘मा’ने सुरू होणारे गाणे बिनदिक्कत म्हणतो; शब्द शोधण्याची कसोटी त्या वळणाने घेता यावी. रानभाज्या विचाराव्यात हेही सुचेल: शेवळी, टाकळा, करटुली, भारंगी. इथे मात्र सावध राहिले पाहिजे. वर्गवार नावे आठवणे आणि आद्यध्वनीवरून शब्द शोधणे ही मेंदूची एकच कामगिरी नव्हे. एकीच्या जागी दुसरी ठेवली की नेमके जे शोधायचे तेच निसटू शकते. शिवाय धडधाकट ठाकर बाई मिनिटात किती भाज्या सांगते हे आधी मोजल्याशिवाय आजारी बाईच्या आकड्याला अर्थ नाही.

‘औषध नाही, तर तपासायचे कशाला?’ हा आक्षेप हमखास येतो. डिमेन्शियाचे लेबल लागले की रुग्णाचा शब्द घरात कोणी मोजत नाही, ही भीतीही अनाठायी नाही. तरीही मला तपासणीच्या बाजूने उभे राहावेसे वाटते. या आजारात रोगाच्या सुरुवातीपासून बहुधा दोन ते पाच वर्षे हाती असतात. तेवढ्यात पोटातून अन्ननळी घालायची का, श्वासाचे यंत्र लावायचे का, जमिनीच्या कागदावर अंगठा कधी उठवायचा, हे ठरवायचे असते. ते ठरवणाऱ्याला परिणामांचा अंदाज येतो का, हे कळायला नको? आणि घरची माणसे? नवरा काही विचारत नाही, मुलाच्या तापाचेही त्याला सोयरसुतक नाही, गोडाचा मात्र हव्यास. बायको त्याला हट्ट समजते, माज समजते. तो आजाराचा भाग आहे हे तिला कोणी सांगतच नाही. याच्या उलटही घडते. अनावर रडू वा हसू फुटणे हे या आजारातले निव्वळ चेतासंस्थेचे लक्षण असू शकते; शेजारी मात्र ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून मोकळे होतात, आणि पूर्ण शुद्धीतला माणूस ते मुकाट ऐकत राहतो.

ईकॅसचा एक भाग घरच्या माणसाच्या मुलाखतीचा आहे: उदासीनता, सहानुभूती आटणे, बेबंद वागणे, तेच ते करत राहणे, खाण्यातले बदल. कशेळ्यासारख्या ठिकाणी सुरुवात इथूनच व्हावी. तिला अक्षर लागत नाही, यंत्र लागत नाही. ठाकरी वा कातकरी बोली समजणारी एखादी आशा सेविका किंवा परिचारिका शिकून ती घेऊ शकेल. फक्त ही मुलाखत रुग्णाच्या खाटेपाशी, त्याच्या देखत घेऊ नये. बोलता येत नसले तरी त्याला ऐकू येते.