'बोर्ड गेला' म्हणण्याआधी

आपल्या हॉस्टेलमध्ये डॉक्टर फार झालेत. कोणी नवीन पीसी असेंबल केला, बटन दाबलं आणि काहीच झालं नाही, की दोन मिनिटांत दारात दहा जण जमतात. एक म्हणतो "बोर्ड गेला". दुसरा म्हणतो "एसएमपीएस डुप्लिकेट दिलाय तुला". तिसरा काही न बोलता रॅम काढून खोडरबराने घासायला लागतो (अरे, कालच खोक्यातून निघालीये ती, तिला कसला गंज चढणार?). नेमकं काय होत नाहीये, हे मात्र कोणीच विचारत नाही. आणि हे सगळे कोण? तर थेवेनिन आणि नॉर्टन पाठ करून सेकंड इयर काढलेले भावी इंजिनियर!

मित्रहो, माझं मत असं की हा प्रकार आपल्याला शोभत नाही. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, त्यामुळे शब्द थोडे इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या, पण मुद्दा सोडू नका.

पीसी म्हणजे घरच्यांचे पन्नास-साठ हजार रुपये. कोणाकडे ते सहज येतात, कोणाकडे उसाच्या बिलातून येतात. मागच्या सेममध्ये आमच्या विंगमधल्या एका फर्स्ट इयरच्या मुलाचा पीसी पहिल्याच दिवशी चालू झाला नाही. बटन दाबलं की पंखा अर्धा गिरका घ्यायचा आणि थांबायचा. दुकानदाराने बोर्ड हातात धरून, एकदाही काही न मोजता सांगितलं की बोर्ड डेड आहे, सर्व्हिस सेंटरला पाठवतो, तीन आठवडे लागतील, घाई असेल तर नवीन घे. तो मुलगा घरी फोन करायच्या बेतात होता. आम्ही बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला, खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला, आणि तो पहिल्या झटक्यात चालू झाला! कॅबिनेटमध्ये एक पितळी स्टँडऑफ नको त्या जागी बसवलेला होता आणि तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकत होता. पंखा थांबायचा तो बिघाडामुळे नाही. शॉर्ट दिसला की सप्लाय स्वतःला बंद करून घेतो, आणि तो आपलं काम चोख करत होता. किंमत काढायची तर एक स्क्रू काढण्याची मेहनत. दुसऱ्या पर्यायाची किंमत आठ-नऊ हजार.

म्हणून माझा आग्रह हा की आधी लक्षण नीट बघा. काहीच होत नाही, पंखा फिरून थांबतो, आणि सगळे पंखे फिरतात पण स्क्रीन काळा, हे तीन वेगवेगळे आजार आहेत. आपण तिघांनाही "चालू होत नाही" म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

काहीच होत नसेल तर बटन म्हणजे काय ते आधी समजून घ्या. जुन्या एटी मशीनमध्ये बटन सरळ मेन्सची लाइन तोडायचं. १९९५ साली इंटेलने एटीएक्स आणलं तेव्हापासून ते बदललं. आता बटन फक्त दोन पिना क्षणभर जोडतं, म्हणजे बोर्डला निरोप देतं. मग बोर्ड चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली १६ नंबरची लाइन ग्राउंडला ओढतो आणि सप्लाय जागा होतो. हा निरोप घ्यायला बोर्ड अर्धवट जागा लागतो, त्यासाठी ९ नंबरच्या पिनेवर ५ व्होल्ट स्टँडबाय कायम येत असतो. म्हणजे साखळी अशी: भिंतीचं सॉकेट, सप्लायच्या मागचा छोटा स्विच (हसू नका, हाच बंद सापडतो कितीतरी वेळा), स्टँडबाय, बटन, बोर्ड, १६ नंबर. मल्टिमीटर घेऊन एकेक कडी तपासत गेलं की तुटलेली कडी सापडतेच. डॉक्टर लागत नाही.

बटनावर शंका असेल तर फ्रंट पॅनेलच्या पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा. चालू झालं तर कॅबिनेटचं बटन किंवा त्याची वायर खराब. नवीन कॅबिनेट येईपर्यंत रिसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावून टाका, काम अडत नाही.

सप्लायची परीक्षा पेपरक्लिपने होते. प्लग काढून, चोवीस पिनांचं कनेक्टर बोर्डमधून सोडवून, १६ नंबरची पिन शेजारच्या १५ किंवा १७ला जोडायची, कारण त्या दोन्ही ग्राउंड आहेत. जुन्या सप्लायमध्ये ही वायर हिरवी आणि ग्राउंड काळी असते, नव्यांत सगळ्याच काळ्या, तेव्हा रंगावर न जाता पिना मोजा. मग प्लग लावून स्विच चालू. इथे आपले डॉक्टर घाईने निकाल देतात की पंखा फिरला नाही म्हणजे सप्लाय मेला. काही सप्लायचा पंखा लोड कमी असताना मुद्दामच फिरत नाही. त्यामुळे बारा व्होल्टच्या लाइनवर मीटर लावा, ११.४ ते १२.६च्या मध्ये आकडा हवा. आणि तो आला तरी पूर्ण सर्टिफिकेट देऊ नका, लोड पडल्यावर झोपणारे सप्लाय असतात. सप्लायचा डबा मात्र कोणीही, कितीही हुशार असला तरी, उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. तिथे हिरोगिरी नको. तसंच मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर सप्लायची केबल आपल्याला "बसते" म्हणून लावायची नाही. सप्लायकडच्या टोकाच्या पिनांना कुठलंही स्टँडर्ड नाही, चांगला हार्डडिस्क जळतो.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळा, यात निम्म्या वेळा आजारच नसतो. वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची केबल लावायची राहिलेली असते. किंवा ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डाला लावलेली असते. इंटेलच्या एफ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, मग कार्डाशिवाय चित्र येणार कुठून? बी४५० बोर्डावर रायझन ५००० टाकला आणि बायॉस जुना असेल तर तो प्रोसेसरला ओळखणारच नाही. आणि एएम५वर डीडीआर५ लावून पहिल्यांदा चालू कराल तेव्हा मशीन मेमरी ट्रेन करत बसतं, काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो. त्या काही मिनिटांत आपल्याकडे तीन वेळा रिस्टार्ट, दोन वेळा रॅम बदल आणि एकदा आईला फोन होऊन जातो!

आता काही जण म्हणतील, एवढं करण्यापेक्षा रूममेटचा पार्ट लावून बघणं सोपं नाही का? सोपं आहे. अदलाबदल मीही वाईट म्हणत नाही, पण ती सगळ्यात शेवटी. शॉर्ट कुठे आहे ते माहीत नसताना रूममेटचा चांगला सप्लाय त्याच कॅबिनेटला जोडणं म्हणजे एका पेशंटचे दोन करणं. शिवाय प्रोसेसर उगाच काढता-घालता सॉकेटची पिन वाकली की वॉरंटी गेली, मग दुकानदाराचं खोटं निदान आपणच खरं करून दिलं. आणि एक गंमत पाहा, सगळे पार्ट बदलून मशीन चालू झालं तरी काय बिघडलं होतं ते कळत नाहीच. सबमिशनचं जर्नल कॉपी केल्यासारखं ते: सही मिळते, बाकी काही नाही.

यात दोष फक्त आमचा नाही, हे स्टाफने रागावू नये पण ऐकावं. आमच्या इलेक्ट्रिकल लॅबच्या कपाटात मल्टिमीटर आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. प्रॅक्टिकलला चार जणांत एक मीटर मिळतो, तोही ओहमचा नियम सिद्ध करायला, जो सिद्ध होणार हे सगळ्यांना आठवीपासून माहीत असतं. बिघडलेली वस्तू कधीच समोर येत नाही. सर्किट नेहमी बरोबर, रीडिंग नेहमी छान. मग विंगमध्ये खरंच काहीतरी बंद पडतं तेव्हा आम्ही खोडरबर शोधतो, यात नवल काय?

जाता जाता सॉकेटचंही सांगून टाकते. विंगमधल्या काही खोल्यांत कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. तो पीसीचा दोष नाही. सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर बॉडीला मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर आणून ठेवतात, करंट अगदी थोडा असतो, आणि अर्थिंग नीट असेल तर तो निमूट जमिनीत जातो. मुंग्या येतात म्हणजे तिसरी पिन नुसती शोभेला आहे. याचा अर्ज रेक्टर ऑफिसला द्यायचा की मेन्टेनन्सला, हेच अजून ठरत नाहीये, तेवढं कोणीतरी ठरवावं.

आणि मागणी एवढीच. आठवड्यातून एक संध्याकाळ, समजा बुधवारी सहा ते आठ, इलेक्ट्रिकल लॅबचं एक टेबल उघडं ठेवा. त्यावर दोन मल्टिमीटर, एक खात्रीचा एसएमपीएस आणि बीप ऐकायला एक छोटा स्पीकर. लॅब असिस्टंट काका बसायला तयार आहेत, मी विचारलंय. ज्याचं मशीन बंद असेल त्याने ते घेऊन यावं आणि स्वतः मोजावं, बाकीच्यांनी बघावं. स्क्रूड्रायव्हर आम्ही आणू.